फूल न आलेले, खांद्याएवढे वाढलेले रस्त्याकडेचे रोप ओळखायचे कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: रस्ता रुंद करताना कडेला बाहेरून आणलेल्या मातीचा भराव टाकला. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिथे काहीच नव्हते. अडीच महिन्यांत दाट रोपे खांद्याच्या वर गेली. पाने बारीक कातरलेली आहेत, फूल अजून एकही आलेले नाही. ओळखीच्या एकाने गाजरगवत सांगितले, दुसऱ्याने रानझेंडू. मोबाईलवरच्या अ‍ॅपने एका फोटोला कॉसमॉस म्हटले आणि दुसऱ्याला रॅगवीड, म्हणजे परागाने अ‍ॅलर्जी देणारे एक तण. तिथून लहान मुले ये-जा करतात, म्हणून उपटून टाकावे की राहू द्यावे, हे तुम्हाला ठरवायचे आहे.

यात दोन प्रश्न एकात एक मिसळले आहेत. झाडाचे नाव काय, हा एक. त्याच्या जवळ जाणे, त्याला हात लावणे आणि ते तिथे ठेवणे सुरक्षित आहे का, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर अनेकदा पहिल्याच्या आधी मिळते आणि मुलांचा विषय असल्यामुळे ते आधीच मिळवायला हवे. नाव पक्के होईपर्यंत मुलांना त्या झुडपात शिरू देऊ नका. तुम्ही स्वतः तपासायला गेलात तर हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. पान चघळून बघू नका. एवढे पाळले की घाईचे कारण उरत नाही आणि शांतपणे ओळख पटवता येते.

मी वनस्पतींच्या सर्वेक्षणाचे काम करतो आणि अनोळखी रोपाबद्दल विचारणारे बहुतेक लोक ‘फार झपाट्याने वाढले’ इथूनच सुरुवात करतात. ते स्वाभाविक आहे, पण ओळखीसाठी वेग आणि उंची यांना मी सर्वांत कमी वजन देतो. वेग झाडापेक्षा जागेबद्दल जास्त सांगतो. उकरलेली भुसभुशीत माती, भरपूर ऊन, पावसाचे पाणी आणि शेजारी स्पर्धक नाहीत, अशा जागी कितीतरी जातींची तणे माणसाच्या उंचीला पोचतात. त्यांतल्या अनेकांचे बी मातीत पडून राहते आणि माती उलटीपालटी होऊन उजेड मिळाला की उगवते. भरावाच्या मातीबरोबर तर दूरवरचे बीही येऊ शकते. त्याच जातीचे रोप चार पावलांवर, कडक मुरमात, घोट्याएवढेच राहून फुलून गेलेले दिसेल. म्हणून ‘इतके उंच म्हणजे ते हे नव्हेच’ असा निष्कर्ष उंचीवरून काढू नये.

वेगावरून एकच उपयोगी शंका घेता येते: हे खरेच यंदाच्या बियांचे रोप आहे, की जुन्या मुळावरून फुटलेला धुमारा? यासाठी एक रोप बुडाशी नीट बघा. हिरवे, मऊसर खोड आणि खाली एक सरळ सोटमूळ असेल तर ते यंदाचे रोप. बुडाशी लाकडी खुंट असेल, किंवा मातीखाली दोन-तीन रोपे एकाच मुळाला जोडलेली असतील, तर ते तोडलेल्या झाडाचे फुटवे आहेत. फुटव्यांची पाने फार फसवी असतात. सागाच्या खुंटाला फुटलेली पाने मोठ्या झाडावरच्या पानांपेक्षा कितीतरी मोठी असतात. तुतीच्या कोवळ्या फांदीवरची पाने खोल खाचांची, तर जुन्या फांदीवरची पाने अखंड, असे एकाच झाडावर दिसते. तुमच्या वर्णनात खोड हिरवे आणि सहज वाकणारे आहे असे आले आहे, तेव्हा मी यंदाची वर्षायू, म्हणजे एकाच वर्षात उगवून फुलून संपणारी, वनस्पती धरून पुढे जातो. तरी बूड बघाच.

आता मुख्य गोष्ट. पानाच्या आकाराकडे सगळे बघतात. मी आधी पान खोडाला कुठे आणि कसे जोडलेले आहे ते बघतो. पानाचा आकार वय, सावली आणि पाणी यांनुसार बराच बदलतो. जोडणी सहसा बदलत नाही. खोडाच्या एकाच पेऱ्यावर समोरासमोर दोन पाने असतील तर त्यांना संमुख म्हणतात. एका पेऱ्यावर एकच पान, पुढच्या पेऱ्यावर दुसऱ्या बाजूला पुढचे पान, अशी रचना असेल तर ती एकांतरित. तुमच्या यादीतल्या चार नावांपैकी निम्मा निकाल या एका निरीक्षणावर लागतो.

त्यातही एक सवय लावून घ्या: फक्त एकाच पेऱ्यावर बघू नका. बुडाजवळ, मध्यावर आणि शेंड्याखाली, अशा तीन ठिकाणी बघा. रॅगवीडची खालची पाने संमुख असतात आणि वर जाताना ती एकांतरित होतात. एकाच जागेचा फोटो काढला तर अर्धीच गोष्ट कळते. गाजरगवताची खोडावरची पाने एकांतरित असतात. कॉसमॉसची पाने खालपासून वरपर्यंत संमुख असतात. झेंडूची पाने बहुतांशी संमुख, वरची कधी एकांतरित.

पान कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हेही आधी ठरवावे लागते, कारण कातरलेल्या पानात हमखास घोटाळा होतो. पानाचा एखादा कातरलेला भाग हेच पूर्ण पान आहे असे वाटते आणि मग ‘पाने समोरासमोर आहेत’ असे चुकीचे नोंदवले जाते. यावर उपाय सोपा आहे. कळी शोधा. पान आणि खोड यांच्यामधल्या बेचक्यात एक बारीक कळी किंवा कोवळा फुटवा असतो. पानाच्या भागांच्या बेचक्यात तो नसतो. कळीच्या लगेच खालून जे निघाले ते एक पूर्ण पान, मग त्याचे कितीही तुकडे दिसोत. तुमच्या दुसऱ्या फोटोत देठ एकाच ठिकाणाहून दोन बाजूंना निघाल्यासारखे दिसतात, पण बेचका अंधारात आहे. म्हणून मी ते अजून पक्के धरत नाही. प्रत्यक्ष जागेवर पाच मिनिटांत हे पक्के होईल.

जोडणी बघितली की खोडाकडे या. बोटांत धरून फिरवले की ते गोल आहे की चौकोनी, हे डोळ्यांपेक्षा चटकन कळते. गाजरगवताच्या खोडावर उभ्या शिरा आणि खाचा स्पष्ट असतात, अंगावर मऊ लव असते आणि त्यामुळे सगळे रोप किंचित राखाडी हिरवे दिसते. कॉसमॉसचे खोड बहुधा गुळगुळीत किंवा तुरळक केसांचे असते आणि उन्हाच्या बाजूने त्यावर जांभळट छटा दिसते. खोड चौकोनी आणि पाने समोरासमोर, पण पान तीन किंवा पाच दातेरी पर्णिकांचे (पानाच्या सुट्या छोट्या भागांचे) असेल, तर तुमच्या यादीत नसलेले एक नाव लक्षात ठेवा: बिडेन्स. त्याच्या काळ्या, सुईसारख्या बिया टोकांवरच्या काट्यांनी कपड्यांना चिकटून येतात. पर्णिका हाताच्या बोटांसारख्या एकाच बिंदूतून पसरल्या असतील तर भांगेचाही विचार करावा लागतो, पण ‘बारीक कातरलेली’ या तुमच्या वर्णनाशी ते जुळत नाही.

झेंडूची शंका तर एका पानावर मिटते. पान उजेडासमोर धरा. झेंडूच्या पानात तेलाच्या ग्रंथींचे पारदर्शक ठिपके दिसतात आणि चुरगळल्यावर येणारा वास सगळ्यांच्या ओळखीचा आहे. हातमोजा घालून एकच पान चुरगळा आणि नाकापासून थोडे दूर धरून वास घ्या. ठिपके नाहीत आणि तो वास नाही, तर झेंडू यादीतून काढून टाका. पान खालून पांढुरके असेल आणि वास उग्र सुगंधी असेल, तर दवण्याच्या वंशातली एखादी जंगली जात असू शकते.

आणखी एक कुल (नात्यातल्या वनस्पतींचा गट) इथेच तपासून बाजूला काढतो, कारण तिथे चूक परवडत नाही. गाजर, कोथिंबीर, बडीशेप यांच्या कुलातल्या वनस्पतींचीही पाने अशीच कातरलेली असतात. या कुलात खाण्याच्या वनस्पती आहेत तसे जीवघेणे विषही आहे. थंड हवेच्या प्रदेशांत वाढणाऱ्या हेमलॉकचे पोकळ, गुळगुळीत खोड जांभळ्या डागांवरून ओळखतात. याच कुलातल्या काही मोठ्या जातींचा रस अंगावर पडून ऊन लागले तर भाजल्यासारखे फोड येतात. या कुलाची खूण अशी, की पानाचा देठ बुडाशी रुंद होऊन खोडाला म्यानासारखा वेढतो. तुमच्या रोपात असे म्यान दिसले तर बाकीचे सगळे थांबवा, रोपाला हात लावू नका आणि फक्त फोटो काढा.

इथवरचे सगळे निरीक्षणाचे झाले. आता तुमच्याच वर्णनातली जी बाब मला सर्वांत बोलकी वाटली, ती सांगतो. अडीच महिने झाले, रोप खांद्याच्या वर गेले आणि फूल नाही. तुम्ही हे ‘ओळखायला काहीच नाही’ अशा अर्थाने लिहिले आहे. माझ्या दृष्टीने फूल नसणे हाच मोठा पुरावा आहे.

गाजरगवत फुलायला फार थांबत नाही. अनुकूल हवेत उगवल्यापासून साधारण ४ ते ६ आठवड्यांत त्याला कळ्या येऊ लागतात आणि नंतर वाढ व फुलणे एकत्र चालू राहते. दिवस लहान की मोठा, याची त्याला पर्वा नसते. त्याच्या वाढीची रीतही वेगळी आहे. आधी जमिनीला चिकटून पानांचे चक्र पसरते, मग मधून खोड उठते आणि वरच्या अर्ध्यात भरपूर फांद्या फुटतात. त्याची उंची बहुधा १ ते १.५ मीटरपर्यंत असते, क्वचित २ मीटर. म्हणजे खांद्याएवढे गाजरगवत असू शकते, पण इतके वाढूनही पांढऱ्या फुलांचा पत्ता नाही, असे सहसा होत नाही. फुले लहान असतात हे खरे. प्रत्येक गोंडा जेमतेम ४ मिलिमीटरचा, पंचकोनी, कडेला पाच इवल्या पाकळ्यांचा. तेव्हा शेंड्यांवर एकदा बारकाईने नजर फिरवा.

पिवळा-नारिंगी कॉसमॉस मात्र दिवस लहान होऊ लागले की फुलणाऱ्यांपैकी आहे. पावसाळाभर तो फक्त पाने आणि उंची वाढवत राहतो, २ मीटरपर्यंतही जातो आणि पावसाळा सरताना सगळीकडे एकदमच फुलतो. तुमच्या वर्णनाशी हे वेळापत्रक नीट जुळते. रॅगवीडही पावसाळ्याच्या शेवटी फुलणारे असल्याने फक्त वेळेवरून ते वगळता येत नाही. त्यासाठी वरच्या पानांची जोडणीच बघावी लागेल. फुलोरा आला की मात्र शंका राहत नाही: रॅगवीडला लांब दांड्यावर खाली झुकलेले हिरवट, बिनपाकळ्यांचे गोंडे येतात, तर कॉसमॉसला आठ रुंद पाकळ्यांसारखी किरणपुष्पके असलेली ठसठशीत फुले.

हाती असलेल्या माहितीवर माझा कल कॉसमॉसकडे आहे. बेचक्यातली कळी बघून पाने शेंड्यापर्यंत संमुख निघाली तर तो कल जवळजवळ खात्रीत बदलेल. वरची पाने एकांतरित निघाली तर मी माझे मत सोडून देईन.

अ‍ॅपने दोन फोटोंना दोन नावे दिली म्हणून तुम्ही ते निरुपयोगी ठरवले आहे. मला त्यात उपयोगी माहिती दिसते. गाजरगवत, झेंडू, कॉसमॉस, रॅगवीड ही चारही नावे सूर्यफुलाच्या कुलातली आहेत. माणसांनी आणि यंत्रानेही वेगवेगळी नावे घेतली, पण कुल एकच. फूल नसलेल्या, कोवळ्या रोपाच्या बाबतीत अ‍ॅपच्या जातीच्या नावापेक्षा अशा सामाईक कुलावर मी जास्त विसंबतो. सुचवलेली नावे पाच वेगळ्या कुलांतली असती तर मी म्हटले असते, फोटोत ओळखण्यासारखे काही आलेलेच नाही. पुन्हा फोटो काढताना संपूर्ण रोप, मध्यावरचा एक पेरा जवळून, शेंड्याखालचा पेरा, पानाची खालची बाजू आणि बूड असे वेगवेगळे काढा. मागे पुस्तक किंवा कोरा कागद धरला तर हिरव्यावर हिरवे मिसळत नाही.

आजूबाजूलाही बघा. एकाच झाडाकडे टक लावून बघण्यापेक्षा त्याच्या आसपासची वीस पावले चालून बघणे मला नेहमी जास्त देऊन जाते. गाजरगवत वर्षातून अनेकदा उगवते, त्यामुळे उंच रोपांच्या पायाशी सर्व वयांची पिल्ले आणि जमिनीलगतची चक्रे सापडतात. कॉसमॉसचा ताटवा बहुधा एकाच वयाचा, एकसारख्या उंचीचा असतो. मागच्या वर्षीच्या वाळक्या काड्या जवळपास उभ्या असतील तर त्यांच्या टोकावरचे बी तपासा: कॉसमॉसचे बी लांबट, टोकाला चोच आणि काटे असलेले, गाजरगवताचे काळे, चपटे, सुमारे २ मिलिमीटरचे. कीटकही साक्ष देतात. पांढुरक्या पाठीवर गडद नागमोडी रेघा असलेले लहान भुंगेरे पाने चाळणीसारखी करत असतील, तर ते मेक्सिकन भुंगेरे असण्याची शक्यता मोठी. गाजरगवताला आवर घालण्यासाठी हे भुंगेरे १९८४ मध्ये बंगळूर इथे सोडण्यात आले आणि आता ते दूरवर पसरले आहेत. ज्या रोपावर त्यांची पिल्लेसुद्धा जोमाने खात आहेत ते गाजरगवत असण्याचा संभव फार मोठा आहे.

उपटायचे की नाही, हे नाव कोणते निघते त्यावर थोडेच अवलंबून आहे. गाजरगवत निघाले तर फूल येण्याआधीच ते काढायला हवे, कारण एका जोमदार रोपाला हजारो बिया येतात. १५ ते २५ हजारांचा आकडा अतिशयोक्तीचा नाही. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्यामुळे त्वचेवर पुरळ आणि खाज येते, परागामुळे शिंका आणि दम्याचा त्रास होतो. इथे एक गैरसमज मला कळकळीने दूर करायचा आहे. ‘मी नुसत्या हातांनी उपटतो, मला काही होत नाही’ असे बरेच जण सांगतात. ही अ‍ॅलर्जी वारंवार संपर्कानंतर जडते. पहिली काही वर्षे काहीच होत नाही आणि एकदा जडली की हवेतून उडणाऱ्या वाळक्या कणांनीही चेहरा आणि मान सुजते. त्यामुळे हातमोजे आणि पूर्ण बाह्या ज्याला अजून काही झालेले नाही त्याच्यासाठीच सर्वांत महत्त्वाच्या आहेत. रोप फुलावर असेल तर मास्कही लावा.

कॉसमॉस निघाला तर मुलांना धोका नाही. पण तेवढ्यावर तो राहू द्यावा असे मी म्हणणार नाही. तो मूळचा मेक्सिकोकडचा, बागेतून निसटलेला. रस्त्याच्या कडेने आणि माळरानावर तो इतका दाट माजतो की त्याखाली स्थानिक गवते आणि पावसाळी रानफुले उगवूच शकत नाहीत. फुलल्यावर तो सुंदर दिसतो, लोक कौतुकाने त्याचे बी गोळा करून पुढे टाकतात आणि मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण त्या जागी आधी काय फुलत होते हे पुढच्या पिढीला ठाऊकच राहत नाही. तुमचा रस्ता माळ, टेकडी किंवा ओढ्याच्या जवळ असेल तर बी धरण्याआधी तो काढाच. चहूबाजूंनी बांधकाम असेल तर घाई नाही, फक्त बी पसरवू नका. रॅगवीड असेल तर परागाच्या अ‍ॅलर्जीमुळे तेही फुलण्याआधी काढणे योग्य.

काढायचे ठरले तर पाऊस पडून गेल्यावर, माती ओली असताना, मुळासकट उपटा. वरून कापलेले गाजरगवत बुडातून पुन्हा फुटते आणि ठेंगणे राहूनही फुलते. बी धरलेली रोपे दूर वाहून नेऊ नका, ती पिशवीत बांधून तिथेच बंद करा. जाळूही नका. ओळख पटल्याशिवाय तणनाशक फवारू नका आणि मुलांच्या वाटेवर तर ओळख पटली तरी नको. उपटल्यानंतर माती उघडी राहिली तर पुढच्या सरीबरोबर तीच फौज परत येईल, कारण गाजरगवताचे गाडलेले बी अनेक वर्षे जिवंत राहते. तिथे स्थानिक गवताचे किंवा टाकळ्याचे दाट बी टाका. टाकळा गाजरगवताला चांगला दाबतो. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा फेरी मारून नवी रोपे काढा. आणि रस्त्याची कडा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना सांगून हे करा.

उपटण्याआधी एक फांदी मात्र जपून ठेवा. वर्तमानपत्राच्या घडीत पाने पसरवून, एक पान उलटे ठेवून, वर वजन ठेवा आणि पहिले काही दिवस रोज कागद बदला. सोबत तारीख, जागा, रोपाची उंची आणि मातीचा प्रकार लिहा. पुढे एखाद्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाला दाखवताना ही वाळलेली फांदी कुठल्याही फोटोपेक्षा जास्त बोलेल.

आता तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत: शेंड्याखालच्या पेऱ्यावर पाने संमुख की एकांतरित, खोडावर उभ्या शिरा आणि लव आहे की नाही, आणि उंच रोपांच्या पायाशी जमिनीलगतची पानांची चक्रे सापडतात का. तेवढे कळवलेत की मी नाव सांगू शकेन.